रंजनाची कावीळ

गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, इंदुताई सकाळी नऊलाच काळेवाडीला येऊन थडकल्या आणि चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "पिंकी कुठंय?"

"आंघोळ करतेय," कुसुमने ओट्यापासूनच सांगितलं. "बसा ताई, चहा टाकते."

"चहा राहू दे. ती बाहेर यायच्या आत बोलून घ्यायचंय."

त्यांच्यामागून विजयश्री आत आली, मामीकडे बघून ओशाळल्यासारखी हसली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. इंदुताईंची ही एकुलती लेक. येत्या रविवारी तिचा साखरपुडा होता. मुलगा, धनेश, तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला, माणसं भोसरीची, सरळ. पण हे स्थळ जुळायला दोन वर्षं गेली होती आणि त्या दोन वर्षांत आपली नणंद किती वाळली ते कुसुमने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच त्यांच्या आवाजाला धार होती तरी तिला लगेच राग आला नाही.

कुसुमचा नवरा बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत होता; तो पेपर बाजूला ठेवून बहिणीसमोर बसला. आतल्या खोलीतून कोंडीराम काठी टेकत आले, त्यांच्यामागे कस्तुराबाई. सासरे सत्त्याहत्तर वर्षांचे होते, सासू त्र्याहत्तरच्या. घरात कसलाही निर्णय व्हायचा असला की दोघं अशीच येऊन दिवाणावर शेजारी शेजारी बसायची, आणि बोलायचे फक्त कोंडीराम. आज मात्र ते आल्यापासून खाली मान घालून होते.

"रत्ना, हे बघ," इंदुताई भावाला म्हणाल्या, "पिंकी मला परकी नाही. पण रविवारी तिला आणू नकोस. तब्येत बरी नाही म्हणून सांगू. त्यात खोटं काय आहे? चेहरा बघितलास का तिचा? दोन्ही गाल लाल, नाकावरनं पट्टा. लोक विचारणारच. आणि आणायचीच असली तर विजूची पार्लरवाली आहे, ती नीट पावडर-बिवडर लावून झाकून देईल."

कुसुमने गॅस बारीक केला.

"आणि दुसरं," इंदुताईंनी आवाज खाली आणला, "ते रक्ताचं. आज ती नर्स येणार आहे म्हणे सगळ्यांचं रक्त घ्यायला. फोन करून नको म्हणून सांग तिला."

हे रक्ताचं प्रकरण पंधरा दिवसांपासून घरात घोळत होतं. पिंकीच्या डॉक्टरांना संशोधनासाठी घरातल्या सगळ्यांचं रक्त हवं होतं. पिंकी चोवीस वर्षांची. चाकणला गिअरचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. गेल्या जूनमध्ये एका सकाळी तिच्या बोटांना पार्ट मोजायचा मायक्रोमीटर धरवेना. मग ताप. मग गालांवर लाली. मग पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. तीन डॉक्टर झाले. चौथ्या, सोनवलकर मॅडमनी, किडनीचा तुकडा काढून तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस. तेव्हापासून आठ महिने कुसुमला नात्यातल्या प्रत्येक माणसानं एकच प्रश्न विचारला होता. तुझ्या माहेरी कुणाला होतं का गं? तिने बार्शीला आईला फोन केले, मावश्यांना केले, मेलेल्या आज्ज्यांची दुखणी उकरून काढली. कुठंच काही सापडलं नाही. तरी सासरच्या लोकांच्या नजरेतला तो प्रश्न गेला नव्हता आणि हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच काहीतरी घेऊन आलो असू.

बाथरूमचं दार उघडलं. पिंकी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. केस बरेच गळले होते, त्यामुळे टॉवेल एवढासा दिसत होता.

"मी सगळं ऐकलंय आत्या," ती म्हणाली. "आपली बाथरूम केवढीशी, आणि तुझा आवाज केवढा."

विजयश्रीला हसू आलं. तिने ते पटकन गिळलं.

"ऐकलंस ते बरं झालं," इंदुताई म्हणाल्या. "मग तूच सांग. आमच्या रक्तात तुझं काय काम आहे? आजारी तू आहेस."

पिंकी खाली फरशीवर, आजोबांच्या पायाशी बसली. ती समजावून सांगायला लागली की तिचा आवाज शांत व्हायचा, हे कुसुमला अलीकडे कळलं होतं. आजार झाल्यापासून पोरीने मिळेल ते वाचून काढलं होतं. डॉक्टरांना ती एवढे प्रश्न विचारायची की मॅडमनी एकदा तिला खुर्ची ओढून शेजारीच बसवून घेतलं होतं.

"शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात आत्या. त्यासाठी प्रथिनांचे बारीक रेणू असतात. बरेच प्रकार आहेत त्यांचे. त्यातल्या एकाचं नाव इंटरफेरॉन. व्हायरस आत शिरला की हा निरोप सुटतो, सावध व्हा म्हणून. व्हायरस गेला की तो थांबायला पाहिजे. माझ्यात थांबत नाही. माझ्याच मेलेल्या पेशींचा कचरा बघून शरीराला वाटतं, शत्रू आलाय."

"म्हंजी आग लागल्याली न्हाई आन् भोंगा वाजतुय," कोंडीराम पहिल्यांदाच बोलले. पिंपरीच्या कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती.

"तसंच आजोबा. आणि एकदा वाजला की सगळे धावत सुटतात आणि आपलंच सामान फोडतात. माझी किडनी फोडली, सांधे फोडले."

"मग आमचं काय त्यात?" इंदुताई हटेनात.

"तेच तर शोधायचंय. आजारी माणसांचं रक्त खूप जणांनी तपासलंय. पण कधीकधी घरातल्या धडधाकट माणसांमध्येसुद्धा हा इंटरफेरॉन जास्त सापडतो, आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणजे एकट्या त्यानं आजार होत नाही, आणखी काहीतरी लागतं. ते काय, हे बघायला निरोगी नातेवाइकांचं रक्त पाहिजे. मॅडम म्हणतात, तेच कुणी देत नाही. नाव कुठं जात नाही आत्या, नुसता नंबर जातो."

"आणि माझ्या विजूचं जास्त निघालं तर? काही होत नाही हे तुझ्या मॅडम भोसरीला येऊन सांगणार आहेत? घराण्यात दोष आहे म्हणून बोभाटा झाला की संपलं. लोक कोपऱ्यात बसून कुजबुजायला लागतात. रंजीच्या वेळी काय कमी झालं ते?"

शेवटचं वाक्य इंदुताईंच्या तोंडून निसटलं होतं. कस्तुराबाईंनी डोळे मिटले.

कुसुमने हातातली सांडशी ओट्यावर ठेवली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका मुलीचा फोटो होता, दोन वेण्या, मोठं कपाळ. नवऱ्याची धाकटी बहीण रंजना. एकविसाव्या वर्षी गेली. कुसुम लग्न होऊन आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, आणि आल्या दिवशी तिला जे सांगितलं गेलं होतं तेच ती सव्वीस वर्षं इतरांना सांगत आली होती.

"रंजनाताईंना तर कावीळ झाली होती ना?" तिने विचारलं.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. कावीळच होती ना?"

बुद्धरत्नने बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. "मी तेव्हा नाशिकला ट्रेनिंगला होतो गं. मला जे सांगितलं..."

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "कावीळ न्हवती. असंच व्हतं. गालावर असंच. पाय असंच सुजल्यालं."

"आई!" इंदुताई ओरडल्या.

"काय आई? किती दिस गप बसायचं? पोरगी जाऊन अठ्ठावीस वरसं झाली. तिचं नाव घ्यायचं म्हटलं की तुमी समदी आई, आई करता."

कुसुम ओट्यापासून पुढे येऊन सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली. या घरात, अशा बसलेल्या माणसांच्या मध्ये, ती याआधी कधी उभी राहिली नव्हती.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी माझ्या मेलेल्या आज्जीच्या नावानं चौकशा करतेय. ताई, तुम्ही स्वतः मला विचारलंत, दिवाळीला, चार बायकांसमोर. तुझ्या माहेरचं आलं असेल म्हणालात. आणि फोटो इथं भिंतीवर लटकतोय! डॉक्टर पहिल्याच दिवशी विचारत होत्या, घरात कुणाला असं झालं होतं का? हे शेजारी बसून नाही म्हणाले. मीही नाही म्हणाले. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता हो तो."

"कुसुम, मला खरंच..." बुद्धरत्न उठायला गेला.

"बसा तुम्ही. ताई, नीट ऐका. पिंकी रविवारी येणार. पुढच्या रांगेत बसणार, आणि गालाला काही लावणार नाही. उन्हातून येताना छत्री घेईल, कारण ऊन तिला सोसत नाही. ज्याला विचारायचं त्यानं मला विचारावं. आणि रक्त घ्यायला सिस्टर येणार. पिंकीची आई म्हणून पहिलं माझं घेतील. बाकी कुणी द्या नाहीतर नका देऊ, पण या घरात यापुढं कावीळ म्हणायचं नाही."

कोंडीरामांची काठी जमिनीवर आपटली. कुसुमला वाटलं, आता सासरे गरजणार. तरुणपणी युनियनच्या गेट मीटिंगमध्ये माइक नसला तरी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा असं सांगत. पण त्यांच्या हातातून काठी नुसती सुटली होती.

"ऊन," ते म्हणाले. "ऊन सोसत न्हाई म्हणालीस?"

"हो आजोबा," पिंकी म्हणाली. "या आजारात उन्हानं सगळंच वाढतं. म्हणून मी फुल बाह्यांचं घालते."

म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला. त्यांनी नातीच्या डोक्यावरच्या टॉवेलकडे पाहिलं.

"मी तिला उन्हात बसीवली," ते म्हणाले. "चाकणच्या पल्याड एक देवऋषी व्हता. कंपनीत कुणीतरी सांगितलं. आमच्या बापानं छप्पन साली घरातलं देव नदीत सोडलं, मी विहारात उभा ऱ्हाऊन अंधश्रद्धेवर भाषणं केली. आन् पोरगी बरी व्हईना तवा मी लपून त्याच्याकडं गेलो. तीन गुरुवार. तो म्हणला, अंगातली उष्णता उष्णतेनंच काढायची. दिसभर शेतात बसीव. मी बसीवली. पाणी मागायची, मी दिलं न्हाई. तिसऱ्या गुरुवारी घरी आणली ती उठली न्हाई."

बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा कर्कशपणे वाजत गेला.

"तिथं आता गोडाऊन झालंय," ते मुलाला म्हणाले. "तुजी बस रोज त्याच्याच म्होरनं जाती. तू कामाला लागलास तवापासनं मला रोज वाटतंय, सांगावं."

कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण त्या जे बोलल्या ते सांत्वनाचं नव्हतं. "मला ठावं हुतं. तिच्या पायाला शेतातली माती व्हती. मीच इचारलं न्हाई."

पिंकीने आजोबांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. "आजोबा, तेव्हा नाव माहीत असतं तरी औषधं एवढी नव्हती," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "पण पाणी द्यायला पाहिजे होतं."

कुसुमला वाटलं, पोरीला आवरावं. मग वाटलं, का म्हणून? कोंडीरामांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "द्याया पायजे हुतं."

अकराच्या सुमारास दवाखान्यातल्या दुर्गा सिस्टर आल्या. खांद्याला बर्फाचा डबा, हातात कागदांची फाइल. घरातली हवा त्यांना दारातच जाणवली असावी, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. मोरीत हात धुतले, टेबलावर नळ्या मांडल्या आणि विचारलं, "कोण आधी?"

"मी," कुसुम म्हणाली आणि बाही वर सरकवली.

तिच्यानंतर बुद्धरत्न आला. बायकोकडे बघायचं त्याने टाळलं, पण कापूस दाबून धरताना हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी दवाखान्यात मीच सांगतो रंजीचं." कुसुमने होकार दिला नाही आणि नकारही. एवढ्यात विरघळायची तिची तयारी नव्हती. कोंडीरामांची शीर सापडेना. सिस्टरनी सोडून देऊ म्हटलं तर त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि मग मनगटही. "घ्या, घ्या. घेतल्याबिगर उठत न्हाई मी."

मग विजयश्री खुर्चीतून उठली.

"विजू, बस खाली," इंदुताई म्हणाल्या.

"नाही बसत." ती टेबलाकडे आली. "मी सकाळी निघायच्या आधीच धनेशला सगळं सांगितलंय. पिंकीचा आजार, हे रक्त, सगळं. रंजूमावशीचं माहीत असतं तर तेही सांगितलं असतं. तो काय ठरवायचं ते ठरवेल. उद्या मला पोरगी झाली आणि तिचे गाल लाल झाले तर मी पण कावीळ म्हणू का आई?"

इंदुताई उभ्या राहिल्या आणि पर्स शोधू लागल्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती.

सिस्टरनी फाइल उघडली. "कुटुंबात आधी कुणाला हा आजार? इथं 'नाही' लिहिलंय."

"खोडा ते," कुसुम म्हणाली. "रंजना कोंडीराम. वय एकवीस. पिंकीची आत्या."

"लक्षणं काय होती? सुरुवात कशी झाली, किती दिवस चाललं, सगळं लागेल."

कोंडीरामांनी बायकोकडे पाहिलं. ते तेव्हा तीन शिफ्टमध्ये होते. कस्तुराबाईंनी गाल सांगितले, पाय सांगितले आणि थांबल्या. "ती माझ्यापाशी सांगतच न्हवती काही. एका अंथरुणात निजायच्या त्या दोघी भयनी. इंदीला समदं ठावं."

सगळ्यांनी इंदुताईंकडे पाहिलं.

"मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या आणि चपला पायात न घालता, हातात घेऊन जिना उतरून गेल्या. विजयश्री मागे गेली नाही. तिने बाही वर केली.

शनिवारी पिंकीची दवाखान्यात तपासणी होती. बुद्धरत्नने सुट्टी टाकली होती, पण कुसुमने त्याला गाडी लावायला पाठवलं आणि लेकीला घेऊन ती वर गेली. सोनवलकर मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर, पेशंटांच्या रांगेत, इंदुताई बसल्या होत्या. एकट्याच. हातात टोकन क्रमांक सहा.

"साडेसातपासून बसलेय," कुसुमकडे न बघता त्या म्हणाल्या. "रक्त कुठं घेतात ते एकजण धड सांगत नाही इथं."

कुसुम त्यांच्याशेजारी बसली. मध्ये एका माणसाची जागा तिने मुद्दाम सोडली.

"धनेशच्या आईचा फोन आला होता," इंदुताई म्हणाल्या. "विचारत होती, खरंय का. मी म्हटलं, खरंय. माझ्या बहिणीलाही होतं म्हटलं. रविवारी अकराला हॉल आहे, यायचं तर या, नाहीतर आत्ताच सांगा, मी केटरिंगवाल्याला कळवते."

"मग?"

"घरात विचारून सांगते म्हणाली."

रविवारी धनेशकडची माणसं आली. पंचवीस यायची होती, चौदा आली. धनेशची एक काकू पिंकीच्या शेजारी बसायला तयार होईना, तेव्हा धनेश स्वतः येऊन त्या खुर्चीत बसला आणि अंगठी घालायला बोलावेपर्यंत तिथून उठला नाही. पण ते सगळं दुसऱ्या दिवशीचं. शनिवारी बाकावर बसलेल्या इंदुताईंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

सहा नंबर पुकारला. इंदुताई उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "पिंकी, तू चल आत. तुला कळायला पाहिजे."

तिघी आत गेल्या. मॅडमनी खुर्ची दाखवली, कागद ओढला आणि विचारलं की बहिणीचं नेमकं काय आठवतं. इंदुताईंनी पदराने मानेवरचा घाम पुसला. बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज घरात असायचा तेवढाच मोठा होता. दाराबाहेरच्या रांगेलाही सगळं ऐकू जात असणार.

"आधी बोटं आखडायची, सकाळी सकाळी. माझ्याकडनं वेणी घालून घ्यायची. मग केस गळायला लागले, ते ती उशीखाली लपवायची. तोंडात फोड यायचे, तिखट खाता यायचं नाही. ताप रोज संध्याकाळी. बघायला पाहुणे आले तेव्हा मीच तिचे गाल पावडर लावून झाकले होते. अंग दुखतंय म्हणायची तर मी म्हणायचे, कामं टाळायला नाटकं करतेस."

मॅडमचं पेन थांबलं. शेवटचं वाक्य आजाराच्या लक्षणांत बसत नव्हतं.

"लिहा ना," इंदुताई म्हणाल्या. "तेही लिहा."